प्रत्येक जिवातील चूल

मृग नक्षत्र जवळ आले की पेडणे तालुक्यातील शेतकरी बियाण्याच्या तयारीला लागतात. भात रात्रभर पाण्यात भिजवून, निथळून, गोणपाटात बांधून, वर वजन ठेवून घराच्या कोपऱ्यात दाबून ठेवतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या गोणीत हात घालून पाहावा. आतील भात चांगलेच ऊन लागते. बाहेर पावसाची गार हवा, गोणी ओली, जवळपास विस्तव नाही. मग ही ऊब आली कोठून?

ही ऊब भाताच्या श्वासाची होय. दाणा कोरडा असतो तोवर त्याचा श्वास इतका मंद असतो की तो जवळजवळ निद्रिस्तच म्हणावा. पाणी मिळताच तो जागा होतो, आपल्या पोटातील पिठाचे अन्न जाळू लागतो, हवेतील प्राणवायू घेऊ लागतो आणि त्या जळणातून कोंब फुटण्यास लागणारी शक्ती मिळवितो. जळणातील जो भाग उपयोगात येत नाही तो उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. ती उष्णता आपल्या हाताला कळते.

श्वास म्हणजे नाकाने हवा आत घेणे व बाहेर सोडणे, एवढाच अर्थ आपण सामान्यतः करतो. भाताच्या दाण्याला नाक नाही, छाती नाही; तरीही तो श्वास घेतो. तसेच झाड, मासा, मुंगी आणि ताडीतील डोळ्यांस न दिसणारा किण्वही श्वास घेतो. या विषयाचा आमच्या वाचकांच्या घरादाराशी निकटचा संबंध आहे. श्वास म्हणजे काय, तो कोण घेतो, आणि कोंडलेल्या जागी त्याचा परिणाम काय होतो, हे ठाऊक नसल्यामुळे उन्हाळ्यात विहीर उपसावयास उतरलेली धडधाकट माणसे जीव गमावतात. म्हणून हा विषय आम्ही थोडा विस्ताराने मांडीत आहोत.

विस्तव आणि श्वास

जळणे आणि श्वसन ही दोन्ही एकाच जातीची कामे आहेत, हे प्रथम प्रयोगाने दाखविले ते फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लाव्हाझिए यांनी. १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्यांनी व गणितज्ञ लाप्लास यांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. त्याच्या अंगाच्या उबेने किती बर्फ वितळले आणि त्याने किती कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर टाकला, हे त्यांनी मोजले. तेवढाच वायू निघेल इतका कोळसा जाळून किती बर्फ वितळते, तेही पाहिले. दोन्ही आकडे बरेच जवळ आले. यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, श्वसन म्हणजे एक मंद ज्वलन होय. ज्वाला दिसत नाही, धूर निघत नाही, परंतु अन्न जळते, प्राणवायू खर्च होतो, आणि कार्बन डायऑक्साइड, ज्याला आपण पुढे सोयीसाठी कर्बवायू म्हणू, तो बाहेर पडतो. पुढे १७९४ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या गदारोळात लाव्हाझिए यांचा शिरच्छेद झाला.

हे ज्वलन फुप्फुसातच होते, असा लाव्हाझिए यांचा समज होता. तो दूर करण्याच्या कामी एका धर्मगुरूचा मोठा वाटा आहे. इटलीतील पाव्हिया विद्यापीठाचे प्राध्यापक, कॅथलिक धर्मगुरू लाझ्झारो स्पालान्झानी यांनी गोगलगायींवर व इतर अनेक प्राण्यांवर प्रयोग केले. शरीरापासून वेगळे केलेले अवयवसुद्धा काही काळ प्राणवायू शोषतात व कर्बवायू सोडतात, असे त्यांना आढळले. अर्थात फुप्फुस ही चूल नव्हे. ती केवळ खिडकी होय. चूल शरीराच्या प्रत्येक भागात पेटलेली असते. १७९९ मध्ये स्पालान्झानी निवर्तले. श्वसनावरील त्यांचे लेखन त्यानंतर, १८०३ मध्ये प्रसिद्ध झाले.

पेशीची चूल

आपले शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे, हे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. या प्रत्येक पेशीला स्वतःचे अन्न स्वतः जाळावे लागते. आपण खाल्लेला भात पोटात विरघळून साखर होतो, ती साखर रक्तावाटे पेशीपर्यंत जाते, आणि फुप्फुसातून निघालेला प्राणवायूही त्याच रक्तातून तेथे पोहोचतो. मात्र चुलीतील लाकडाप्रमाणे ही साखर एकदम भडकत नाही. तसे झाले तर पेशीच जळून जाईल. ती पायरीपायरीने, अनेक लहान लहान क्रियांतून मोडली जाते. यांपैकी एक महत्त्वाचे चक्र हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये इंग्लंडमध्ये शोधून काढले. जर्मनीत ज्यू लोकांचा छळ सुरू झाला तेव्हा, १९३३ मध्ये, त्यांना मायदेश सोडावा लागला होता. या शोधाबद्दल १९५३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या पायऱ्यांवर सुटणारी शक्ती पेशी एका रसायनात साठवून ठेवते. त्याचे नाव एटीपी. मोठ्या रकमेची नोट हाती असली तरी बाजारात पावली-अधेलीचा व्यवहार करावयास सुटे पैसेच लागत. तद्वत साखर ही मोठी नोट आणि एटीपी हे सुटे नाणे समजावे. स्नायू हलविणे, हृदयाचा ठोका देणे, विचार करणे, या सर्व खर्चांत पेशी हेच नाणे वापरते. प्राणवायू भरपूर असेल तर साखरेच्या एका रेणूपासून अशी सुमारे ३० ते ३२ नाणी मिळतात. प्राणवायू नसेल तर मिळतात केवळ २. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे.

आपण आत घेतो त्या हवेत शंभर भागांपैकी सुमारे २१ भाग प्राणवायू असतो. बाहेर सोडतो त्या हवेत तो सुमारे १६ भाग उरतो, आणि कर्बवायू जवळजवळ ४ भाग झालेला असतो. स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटाला सुमारे पाव लिटर प्राणवायू खर्च करतो. मेंदूचे वजन शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाइतके, परंतु प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. मेंदूजवळ साठा मुळीच नाही. चार-पाच मिनिटे प्राणवायू न मिळाल्यास त्याची कायमची हानी होऊ लागते.

हवा मिळविण्याच्या नाना रीती

चूल सर्वांची एकच. परंतु तिला वारा घालण्याच्या रीती किती तरी आहेत. त्या पाहावयास पेडणेकरांना लांब जावे लागत नाही. उत्तरेस तेरेखोलची खाडी, दक्षिणेस शापोरा नदी आणि पश्चिमेस समुद्र. या तिन्हींच्या काठी ही शाळा भरलेली आहे.

प्रथम मासा घ्या. एक लिटर हवेत २१० मिलिलिटर प्राणवायू असतो, तर आपल्याकडील कोमट पाण्याच्या एका लिटरात विरघळलेला प्राणवायू जेमतेम पाच-सहा मिलिलिटर. म्हणजे मासा आपल्या मानाने फारच गरीब घरात राहतो. म्हणूनच तो सारखे तोंडाने पाणी घेऊन कल्ल्यांवरून सोडीत असतो, आणि कल्ल्यांच्या तलम पडद्यांत वाहणारे त्याचे रक्त त्या पाण्यातून शक्य तेवढा प्राणवायू वेचून घेते. पाणी तापले की त्यात प्राणवायू आणखी कमी मावतो. डबक्यात पालापाचोळा कुजू लागला तर कुजविणारे सूक्ष्मजीव उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतात, आणि सकाळी मासे उलटे तरंगताना दिसतात. कोणी विष घातले असे लोक म्हणतात. पुष्कळ वेळा विष कोणी घातलेले नसते.

ओहोटीच्या वेळी चिखलावर टुणटुण उड्या मारणारी निवटी मुलांच्या परिचयाची आहे. ती मासाच असून पाण्याबाहेर तासन् तास राहते. कल्ल्यांच्या कोनाड्यात ती पाणी धरून ठेवते आणि ओल्या कातडीतून व तोंडाच्या आतील अस्तरातून हवा घेते. कातडी सुकली की तिचे श्वसन अडलेच. म्हणून ती मधूनमधून चिखलात लोळते. गांडुळाचेही तसेच. त्याला फुप्फुस नाही, कल्ले नाहीत. ओली त्वचा हेच त्याचे सर्वस्व.

कीटकांची रीत निराळी. झुरळाच्या, मुंगीच्या कुशीवर बारीक छिद्रे असतात आणि त्यांपासून निघालेल्या नळ्या थेट पेशींपर्यंत हवा पोहोचवितात. रक्ताकडे ते काम नसते. डासाची अळी पाण्यात वाढते, पण हवा घेण्यासाठी शेपटीकडील भाग पाण्याच्या पृष्ठभागास लावून लोंबकळत राहते. साचलेल्या पाण्यावर तेलाचा पातळ थर सोडण्याची जुनी पद्धत याच ज्ञानावर आधारलेली आहे. त्या थराने अळीचे नाक बंद होते.

मोरजी व मांद्रे येथील वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालावयास येतात. कासव जन्मभर समुद्रात राहिले तरी त्याला आपल्यासारखीच फुप्फुसे आहेत. जाळ्यात अडकून वर येता आले नाही तर ते पाण्यात बुडून मरते. त्याची शंभराच्या आसपास अंडी सुमारे हातभर खोल वाळूत पुरलेली असतात, आणि आतील पिल्ले कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून, वाळूच्या कणांमधील पोकळ्यांतील हवेवर जगतात. त्या जागी गाड्या फिरवून वाळू दाबली किंवा खाली पाणी भरले, तर अंडे न फुटताही पिल्लू गुदमरते. किनाऱ्यावरील त्या कुंपणाचा अर्थ मुलांना समजावून सांगावयास हवा.

वनस्पतींचीही अडचण मोठी असते. पाने हवेत असतात, पण मुळे? खाडीच्या चिखलात बोटभर खाली प्राणवायू उरत नाही. तिवराचे झाड यावर विलक्षण उपाय करते. त्याच्या आडव्या मुळांपासून शेकडो बारीक मुळे पेन्सिली रोवाव्यात तशी चिखलातून वर येतात. ओहोटीला त्यांच्या छिद्रांतून हवा आत जाते आणि चिखलातील मुळांना पोहोचते. खारफुटीच्या बुंध्याशी भराव टाकणे म्हणजे त्या झाडाचे तोंड दाबणे होय. कुऱ्हाड न लावताही ते मरते. खाजणात पिकणारे कोरगुट भात काय आणि गोड्या पाण्यातील भात काय, त्याच्या देठातून मुळांपर्यंत पोकळ हवामार्ग असतात. म्हणून घोटाभर पाण्यात भात डोलते आणि त्याच पाण्यात मिरचीचे रोप दोन दिवसांत माना टाकते.

येथे एक गैरसमजही दूर करावा. झाडे दिवसा प्राणवायू देतात व रात्री श्वास घेतात, असे नव्हे. ती रात्रंदिवस श्वास घेतात. दिवसा सूर्यप्रकाशात अन्न बनविताना त्यांच्याकडून निघणारा प्राणवायू त्यांच्या खर्चाहून अधिक असतो, एवढेच. रात्री झाडाखाली निजल्याने मनुष्य गुदमरत नाही. शेजारी निजलेला भाऊ झाडाहून अधिक कर्बवायू सोडतो!

हवेवाचून चालणारा संसार

आता त्या दोन नाण्यांच्या संसाराकडे वळू. मार्चपासून डोंगरउतारांवर काजूची बोंडे पडू लागतात. ती तुडवून काढलेला रस भांड्यात ठेवला की, काहीही न घालता, तो फसफसू लागतो. बोंडाच्या सालीवर मुळातच असलेले किण्व, ज्याला इंग्रजी अमदानीपासून यीस्ट म्हणतात, ते रसातील साखरेवर जगू लागतात. रसात विरघळलेला प्राणवायू लवकरच संपतो. तेव्हा किण्व मरत नाहीत. साखर अर्धवट मोडून थोड्या शक्तीवर निभावून नेतात. त्या अर्धवट मोडणीतून उरते मद्यार्क आणि बुडबुड्यांच्या रूपाने निघतो कर्बवायू. उर्राक व फेणी या पेयांचा जन्म असा होतो. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंदणीही मिळाली. मद्यार्काला काडी लावली तर तो पेटतो. यावरूनच कळते की किण्वाने साखर पुरती जाळली नाही. बरीच शक्ती मागे टाकून दिली.

या क्रियेचे स्वरूप फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी १८५७ पासूनच्या संशोधनाने स्पष्ट केले. आंबणे ही नुसती रासायनिक घडामोड नसून जिवंत सूक्ष्मजीवांची करणी आहे, हे त्यांनी दाखविले. १८६१ मध्ये तर हवा लागताच ज्यांना अपाय होतो असे जंतू त्यांना आढळले. हवेवाचूनही जीवन चालते, ही गोष्ट त्या काळी आश्चर्याची वाटली. शेणाच्या बंद टाकीत जळाऊ वायू तयार करणारे सूक्ष्मजीव याच कुळातले.

याच क्रियेने आपली पावाची भाकरही फुगते. आपल्याकडील पोदेर पूर्वी कणीक आंबवावयास माडाची सूर वापरीत. सणाच्या सान्नांनाही तीच हलकेपणा देते. पावातील प्रत्येक छिद्र म्हणजे एका किण्व-कुटुंबाचा उच्छ्वास होय. आणि हा प्रकार आपल्या अंगातही घडतो. चढणीवर एकदम धावत गेलो तर पायांच्या स्नायूंना पुरेसा प्राणवायू मिळत नाही. तेही तात्पुरते अर्धवट ज्वलनावर काम चालवितात. पण मनुष्याचे हे उसने फार वेळ चालत नाही. किण्वाला दोन नाण्यांवर घर चालविता येते. आपल्या मेंदूला येत नाही.

विहिरीतील हवा कोणी खाल्ली?

येथवर सांगितलेल्या गोष्टी एकत्र ठेवल्या की विहिरीचे रहस्य उलगडते. उन्हाळ्यात पाणी खाली जाते. बरेच दिवस न वापरलेल्या, झाकलेल्या किंवा अरुंद विहिरीच्या तळाशी गाळ असतो, कुजलेला पाला असतो, कधी मेलेला प्राणी असतो. त्यांवर कोट्यवधी सूक्ष्मजीव जगत असतात, आणि तेही श्वास घेतात. विहिरीच्या भोवतालच्या मातीतील जिवांचेही श्वसन चालू असते. ते सारे प्राणवायू खातात आणि कर्बवायू सोडतात. कर्बवायू हवेच्या सुमारे दीडपट जड. वारा तळापर्यंत पोहोचत नाही, म्हणून तो पाण्यासारखा खाली साचून राहतो. त्याला रंग नाही, आणि विहिरीवर उभे असलेल्यास त्याचा वास येत नाही.

हा वायू किती घातक ठरू शकतो, याचे भयंकर उदाहरण आफ्रिकेतील कॅमेरून देशात घडले. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री न्योस नावाच्या सरोवराच्या तळाशी साठलेला कर्बवायू एकाएकी उसळून बाहेर आला आणि जमिनीलगत वाहत खोऱ्यांत उतरला. सतराशेहून अधिक माणसे आणि हजारो गुरे त्यात दगावली. तेथील वायू भूगर्भातून आलेला होता, सूक्ष्मजीवांनी सोडलेला नव्हता. परंतु खोलगट जागी साचून हवा हाकलून देण्याचा त्याचा गुण तोच.

विहिरीत उतरणाऱ्याला धोका वेळेवर का कळत नाही? ऊर कोंडल्याची जाणीव प्राणवायू कमी झाल्यामुळे फारशी होत नाही; ती मुख्यतः रक्तात कर्बवायू साठल्यामुळे होते. म्हणून नुसता प्राणवायू कमी असेल तर मनुष्याला काहीच वाटत नाही आणि तो एकाएकी कोसळतो. कर्बवायू दाट असेल तर धाप लागते, पण शिडी चढून वर येण्याइतकाही अवधी मिळत नाही. शौचालयाच्या टाकीत तर आणखी दोन वैरी असतात: स्फोट करणारा मिथेन आणि कुजक्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड. हा दुसरा दाट झाला की नाकाची शक्तीच मारतो, आणि वास गेला म्हणून मनुष्य निर्धास्त होतो.

मग वर उभ्या असलेल्या भावाला, मुलाला, शेजाऱ्याला राहवत नाही. तो खाली उतरतो. त्याच्या मागून तिसरा. अशा अपघातांत पुष्कळदा पहिल्यापेक्षा मागून गेलेल्यांचीच संख्या मोठी असते. त्यांना आम्ही दोष देत नाही. आपल्या माणसासाठी जीव धोक्यात घालणे हे प्रेमाचेच लक्षण होय. परंतु ज्या हवेत पहिला पडला त्याच हवेत दुसरा पाचव्या श्वासाला पडणार. त्याने कोणाचाच जीव वाचत नाही, आणि एका घरातील दिवा विझावयाचा तेथे तीन घरांतील विझतात. प्रेमाला ज्ञानाची जोड हवी, ती येथे.

घराघरांत सांगून ठेवावे

पहिली गोष्ट: बंद पडलेल्या विहिरीत एकट्याने कधीही उतरू नये. कंदील सोडून पाहण्याची जुनी चाल आहे. कंदील विझला तर उतरावयाचे नाही, हे निश्चित. पण तो जळत राहिला म्हणजे हवा चांगली आहे असे मात्र मुळीच समजू नये. विषारी वायू ज्योतीला कळत नाहीत, आणि टाकीत ज्योत नेणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. दोराला डहाळी बांधून वर-खाली करणे, पाणी शिंपडणे, यांनी हवा थोडी खेळते. खात्री होत नाही. खात्री यंत्राने मोजूनच होते.

दुसरी: तेलावर चालणारा पंप विहिरीत उतरवून चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू रक्ताला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवितो. याच कारणासाठी पावसाळ्यात बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून निजू नये.

तिसरी: शौचालयाची टाकी साफ करावयास माणूस आत उतरवू नये. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून असे काम कोणाकडून करवून घेण्यास बंदी आहे. हे काम यंत्राच्या गाडीने करवून घ्यावे. मजुरीचे पैसे देऊन दुसऱ्याचा श्वास विकत घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.

चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची: कोणी आत पडलाच तर मागून उतरू नये. दोर सोडावा, शुद्धीवर असेल तर धरावयास सांगावे, पंख्याने वा फुंकणीयंत्राने वरून ताजी हवा सोडावी, आणि ताबडतोब १०१ वर अग्निशामक दलास किंवा ११२ वर मदतीस हाक मारावी. त्यांच्यापाशी पाठीवर वाहावयाची हवेची नळकांडी असतात. आपल्यापाशी ती नसतात. रुग्णवाहिकेसाठी गोव्यात १०८ हा क्रमांक आहे. हे तीन आकडे खडूने विहिरीच्या पंपघराच्या दारावर लिहून ठेवले तर खर्च काहीच नाही.

भाताच्या गोणीतील ऊब, पावातील छिद्र, तिवराची उभी मुळे आणि विहिरीच्या तळाची मुकी हवा, ही एकाच अग्नीची चार रूपे होत. जेथे जीव आहे तेथे ती चूल पेटलेली आहे, आणि जेथे ती पेटलेली आहे तेथे हवा खर्च होत आहे. यंदा बियाण्याची गोणी सोडाल तेव्हा मुलांचा हात धरून तिच्यात घाला आणि ही ऊब कशाची, ते त्यांना सांगा. मोठेपणी विहिरीच्या काठावर उभे राहतील तेव्हा त्यांना ते आठवेल.